मेसवालीची पेन्शन

आमच्या घरात एक पेन्शनर आहे आणि ती मी नव्हे. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे रामायण झालं ते सगळं एवढ्यावरूनच झालं, आणि गोडादऱ्यात आमच्या सोसायटीत त्याच्या इतक्या आवृत्त्या फिरतायत की माझीच गोष्ट मला ओळखू येईनाशी झाली आहे. कोणी म्हणतं सरलाबाईने नवऱ्यावर केस टाकली. कोणी म्हणतं देवाला नवस होता म्हणून चूल बंद ठेवली. गल्लीच्या टोकाची एक बाई तर परवा माझी नाडी बघायला आली होती. म्हणून जे झालं ते मीच सांगते, म्हणजे निदान चुका तरी माझ्या असतील.

पेन्शनर म्हणजे आमचे हे, जयश्रीचे पप्पा. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये फोल्डिंग खात्यात उभी हयात गेली त्यांची. आता महिन्याला जी पेन्शन येते तिच्यात गॅसची एक टाकी बसते, आणि भाव उतरलेला असला तर वर कोथिंबिरीची जुडी. पण थाट बघावा. पेन्शनच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत. बँकेतून येताना पाव किलो लोचो, म्हणजे इकडचं वाफवलेलं फरसाण, आणतात आणि दारातूनच सांगतात, "पेन्शन उनी." जसं काही नंदुरबारहून पाहुणी आली आहे आणि मी पाय धुवायला पाणी घेऊन जायचं आहे.

मी मेस चालवते. आमच्या रो-हाउसच्या खालच्या खोलीत लूमवर काम करणारी माणसं जेवायला येतात, शिरपूरची, अमळनेरची, शहाद्याची. बायकापोरं गावी ठेवून आलेली असतात. शेवभाजी, घोटलेली दाळ, कळण्याची भाकरी, हिवाळ्यात भरीत. लूमला दोन पाळ्या असतात. माझ्या चुलीला एकच आहे, ती संपत नाही एवढंच. याच चुलीवर जयश्रीचं कॉलेज झालं, लग्न झालं आणि घराला वरचा मजला चढला. तरी कोणीही कागद घेऊन दारात आला की माझ्या नावापुढे 'गृहिणी' लिहून मोकळा होतो. मी म्हणते, भाऊ, मी मेस चालवते. तो म्हणतो, हो मासी, ते झालंच, पण काम काय करता?

एरवी मी हे मनावर घेतलं नसतं. पण यंदा संक्रांतीनंतर माझ्या गुडघ्यांनी आवाज काढायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, बसून भाकरी थापता येते, पण बसून पंगत वाढता येत नाही. ते हसले आणि गोळ्या लिहिता लिहिता म्हणाले, "मग असं किती दिवस चालणार?" सहज म्हणाले. मी मात्र तो प्रश्न घेऊनच घरी आले. खरंच किती दिवस? आणि नंतर काय? जयश्री बारडोलीला असते. जावई साखर कारखान्यात आहेत, माणूस देवासारखा आहे, 'आई, तुम्ही आमच्याकडेच या' असं दर दिवाळीला म्हणतो. पण गुडघ्याच्या गोळ्यांसाठी जावयापुढे हात पसरायचा, हे मला जमणारं नव्हतं. मला म्हातारपणी माझ्या पदराला माझे पैसे हवे होते. बाकी काही नको होतं.

शेजारच्या अनुसयाबाई महापालिकेच्या शाळेत आया होत्या. रिटायर झाल्या तेव्हा शाल, नारळ, फोटो आणि वर भरघोस पेन्शन. त्यांच्यापाशी मी मन मोकळं केलं. त्या म्हणाल्या, "सरलाबाई, तुम्हीबी अर्ज करा की. सरकार आता सगळ्यांला पेन्शन देतंय म्हणतात, धंदेवाल्यांलासुद्धा."

मी घरी येऊन ह्यांना विचारलं, पेन्शन कशी काढतात हो? ते लोचोवरची शेव वेचून खात होते. त्यांनी मान वर केली आणि हसले. मोकळेपणाने, मनापासून हसले, तेच मला जास्त लागलं.

"तू काय नोकरी करस का, पेन्शन भेटाले?"

त्या दिवशी दाळीत मीठ जास्त पडलं. मी मुद्दाम टाकलं नव्हतं, पण कमीही केलं नाही. आणि दाळ वाढता वाढता ठरवलं की पेन्शन काढायचीच, काहीही होवो.

सोसायटीच्या गेटजवळ हितेशभाईंचं ऑफिस आहे. काचेचं दार, एक एसी, लक्ष्मीचा एक फोटो, आणि ऑनलाइन जे जे काही भरायचं असतं ते सगळं. माणूस भला आहे, पण त्याला कोणतीही गोष्ट सांगा, तो आधी तिचा पुरावा मागतो. मी म्हटलं मी मेस चालवते. हितेशभाई गुजरातीत म्हणाले, "ए तो हूं जाणुं छुं मासी. पण पुरावो?"

आता मेसचा पुरावा काय द्यायचा? माझ्या दारातून रोज पन्नास ढेकर बाहेर पडतात, पण ढेकराला कोणी शिक्का मारत नाही. हितेशभाईंनी समजावलं की आधी मेसची नोंदणी करावी लागेल, मग ते सर्टिफिकेट घेऊन पेन्शनच्या ऑफिसात जायचं. नोंदणीला जागेचा पुरावा हवा, म्हणजे लाइट बिल. लाइट बिल ह्यांच्या नावावर. जागा राहण्याची, म्हणून सोसायटीचं ना-हरकत पत्र हवं. आणि माझा फोटो हवा. फोटोचं ऐकून मला बरं वाटलं. या सगळ्यात एक तरी वस्तू माझी होती. मी हिरवी साडी नेसून, पावडर लावून फोटो काढून आले. स्टुडिओवाला म्हणाला, मासी, जरा हसा. मी म्हटलं, धंद्याचा फोटो आहे, हसायचं कशाला.

ना-हरकत पत्रासाठी कमिटीची मीटिंग बसली. मेस इतकी वर्षं राजरोस चालू होती, पण परवानगी मागितल्याबरोबर सगळ्यांना ती दिसायला लागली. एकाला फोडणीचा ठसका लागतो. एकाला दारातल्या चपलांचा ढीग खुपतो. एक म्हणाला, 'अशाने सोसायटीचं वातावरण कमर्शियल होईल.' हा गृहस्थ स्वतः जिन्याखाली साड्यांना लेस लावायचं जॉबवर्क चालवतो आणि दर गुरुवारी माझ्याकडे शेवभाजीला वाटी पाठवतो. मी भर मीटिंगमध्ये विचारलं, भाऊ, वाटीला हरकत नाही ना? तेव्हा तो पंख्याकडे बघायला लागला. शेवटी गणपतीत सगळ्या सोसायटीला महाप्रसाद माझ्यातर्फे, या अटीवर पत्र मिळालं. हरकत नसल्याचं एवढं महाग पत्र मी पाहिलं नव्हतं.

कागद जमले. राहिलं फक्त कॉम्प्युटरवर भरणं. हितेशभाईंनी निरोप पाठवला तो नेमका भाकरीच्या वेळेला. तवा सोडून मी जाणार कशी? आणि तसंही आमच्याकडची सगळी सिमकार्डं ह्यांच्या नावावर, ओटीपी ह्यांच्याच मोबाइलवर येणार. म्हणून मी कागद, फोटो, सगळं देऊन ह्यांनाच पाठवलं. चूक झाली म्हणायची तर ती इथे झाली.

तिथे काय घडलं ते मला नंतर हितेशभाईंकडून कळलं. त्यांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, मालिकनुं नाम? ह्यांनी ताठ बसून सांगितलं, "निंबा दौलत महाजन." खोटं बोलायचा हेतू नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. सायकल कोणाची, मीटर कोणाचं, घर कोणाचं, रेशनकार्ड कोणाचं, जन्मभर ज्याने जे विचारलं त्याला हे आपलंच नाव सांगत आले. तोंडाला सवय. पुढे हितेशभाईंनी विचारलं, केटला माणस काम करे छे? इथे मात्र ह्यांचा प्रामाणिकपणा जागा झाला. माझं नाव कुठेतरी यायला हवं, असं त्यांना वाटलं असणार.

"एक," ते म्हणाले. "बाई शे."

सर्टिफिकेट आलं. मालक: निंबा दौलत महाजन. कामगार: एक, स्त्री. फोटोसुद्धा ह्यांचाच, मिलच्या ओळखपत्रावरचा, काळ्या मिशांचा. माझा हिरव्या साडीतला फोटो पाकिटात जसाच्या तसा परत आला. मी तो कागद तीनदा वाचला. ह्यांनी तोवर फ्रेमवाल्याला फोनही लावला होता.

"अहो, मेस माझी आहे," मी म्हटलं.

"नाव कोनं बी ऱ्हावो, मेस ते आपलीच शे ना?"

पुरुषमाणूस 'आपली' म्हणतो तेव्हा सही कोणाची असते ते बघून घ्यावं. संध्याकाळच्या पंगतीत ह्यांनी पेढे वाटले. गणेश म्हणून एक शिरपूरचा आहे, अनेक वर्षं माझ्याकडे जेवतो, लूमवर मास्तर आहे. त्याने पेढा तोंडात टाकून, "निंबाशेठ, अभिनंदन," म्हटलं, आणि बाकीच्यांनीही शेठ, शेठ सुरू केलं. मी आत भाकऱ्या थापत होते. एकाने बाहेरूनच एक भाकर मागितली. मी वाढली, कारण भुकेल्याशी भांडण नसतं माझं. पण राग इतका आला होता की भाकरीला भोक पडलं.

तरीही मी सर्टिफिकेट घेऊन पेन्शनच्या ऑफिसात गेले. म्हटलं, मेसचा पुरावा तर आहे, नावाचं सांगून बघू. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत, दुसरीतून झेरॉक्सला, झेरॉक्सहून परत पहिलीत. शेवटी खिडकीशी पोचले. आत एक चष्मेवाली मुलगी होती, माझ्या जयश्रीच्या वयाची. तिने सर्टिफिकेटाच्या आधी माझं आधारकार्ड बघितलं आणि जन्मसालावर बोट ठेवून सांगितलं की स्वतःचा धंदा करणाऱ्यांची ही योजना चाळिशीच्या आतल्यांसाठी आहे. मला चोपन्न पूर्ण झालेली.

मी विचारलं, "मी चाळिशीच्या आत होते तेव्हा का नाही सांगितलं?"

"तेव्हा योजना नव्हती, मासी."

म्हणजे बघा. वय होतं तेव्हा योजना नव्हती, योजना आली तेव्हा वय गेलं. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी खिडकीला धरून उभी राहिले. मागचे लोक ढकलायला लागले. मुलीला माझी दया आली असावी किंवा रांग पुढे सरकवायची असावी, तिने सर्टिफिकेट उलटसुलट केलं आणि म्हणाली, "पण मासी, यात तर तुमचा धंदा दिसतच नाही. तुम्ही इथे कामगार आहात. कामगाराचं म्हातारपण मालकाने बघायचं असतं. तुमच्या शेठला विचारा ना."

तिने मला वाटेला लावण्यासाठी म्हटलं असेल. पण मी वाटेला लागले ती सरळ घराच्या. बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी मी उभीच राहिले. डोक्यात एकच चक्र फिरत होतं. स्वतःचा धंदा करणाऱ्याला म्हातारपणी जाब विचारायचा म्हटला तरी समोर कोणी नसतं. सरकार वय विचारतं, हितेशभाई पुरावा विचारतात, सोसायटी महाप्रसाद मागते. पण कामगाराला निदान एक दार असतं, जिथे जाऊन उभं राहता येतं. आणि माझ्या शेठचं दार तर माझ्याच घराला होतं.

पंगत बसली होती. शेठ मधोमध खुर्ची टाकून बसले होते, डोक्यावर फ्रेममधलं सर्टिफिकेट. मी पायातल्या चपला काढल्या आणि सगळ्यांसमोर विचारलं, "शेठ, माझा पगार?"

पहिल्यांदा सगळे हसले. ह्यांना वाटलं मी पेढ्यांच्या मूडमध्ये आहे. म्हणाले, "घरना कामले कोठे पगार ऱ्हास का?"

"घरचं काम वेगळं. तुम्ही सरकारला लिहून दिलंय, कामगार एक, स्त्री. ती मी. पगार किती, सुटी कधी आणि हात चालेनासे झाल्यावर काय, एवढं सांगा. मग भात वाढते."

गणेशचा घास हातातच राहिला. ह्यांनी एकदा फ्रेमकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि उठून मोरीत हात धुवायला गेले. हात आधीच धुतलेले होते. भात मी वाढला, पण जाहीर करून टाकलं की उद्या कामगाराची साप्ताहिक सुटी आहे, शेठने बघून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून, केस मोकळे सोडून पुढच्या खोलीत हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर बसले. लग्नानंतर दिवसाढवळ्या हिंचक्यावर मी प्रथमच बसत होते. पाय कुठे ठेवायचे तेही कळेना. आतून डब्यांचा आवाज यायला लागला. माझं मन सारखं आत धाव घ्यायचं. कुकरची शिट्टी जास्त झाली, हिंग जळला, कणीक सैल झाली, हे मला नाकाकानानेच समजत होतं. हातांना मांडीखाली दाबून मी मालिका बघितली. नायिका रडत होती. मला तिचं काही विशेष वाटलं नाही.

दुपारी पंगत बसली. शेठनी खिचडी केली होती असं त्यांचं म्हणणं होतं. गणेश ताट घेऊन माझ्यापाशी आला, ताटाकडे बघत राहिला आणि आदराने म्हणाला, "माय, हाई खावानं की पेवानं?" मी म्हटलं, शेठला विचार. मेसचा आमचा नियम आहे, ज्या दिवशी जेवला नाही त्या दिवसाचा खाडा धरायचा, तेवढे पैसे बिलातून वजा. त्या दिवशी अर्ध्या पंगतीने जेवूनही खाडा मागितला. शेठ म्हणाले, जेवलात ना? गणेश म्हणाला, "शेठ, याले जेवण कोन म्हनी?"

संध्याकाळी अनुसयाबाई आल्या. मला वाटलं समजूत घालायला आल्या. आमच्या दोघींच्या घरांत देव वेगळे, सण वेगळे, पण भिंत एकच आहे आणि भिंतीतून सगळं ऐकू येतं. त्या माझ्याशेजारी हिंचक्यावर बसल्या, म्हणाल्या, "एकाच दिवसाची सुटी कामून घेता? आतापर्यंत किती रजा घेतल्या?"

मी आठवायला लागले. जयश्रीच्या लग्नादिवशीसुद्धा सकाळची पंगत उरकून मांडवात गेले होते. सासूबाई वारल्या तेव्हा ह्यांनी गावी जाऊन सगळं केलं, मी इथे भाकऱ्या. एकही रजा नाही.

"अवो, मग रजा साचतात ना," अनुसयाबाई म्हणाल्या. "मी रिटायर झाले तेव्हा साचलेल्या रजेचेसुद्धा पैसे भेटले मला. तुम्ही साचलेली रजा घ्या. भरपगारी. हक्काचं मागायला लाजायचं नाही, सरलाबाई. आम्ही लाजलो असतो तर कुठंच नसतो."

हे आतून ह्यांनी ऐकलं. पीठ लागलेले हात तसेच घेऊन बाहेर आले. "कितला दिन?" त्यांनी घाबरून विचारलं.

"हिशोब तुम्ही करा, शेठ. मी कामगार बाई, मला काय कळतं."

मग जो आठवडा सुरू झाला तो शेठच्या पत्रिकेत कुठे लिहिलेला होता कोण जाणे. आधी लाइटवाला आला. नोंदणी झाली म्हणजे धंदा, धंदा म्हणजे धंद्याचं मीटर, सही मालकाची. शेठनी सही केली. मग खाण्याच्या पदार्थांची तपासणी करणारा एक साहेब आला. नेमकी तेव्हा शेठची फोडणी पेटली होती. साहेबांनी दारातून खोकत विचारलं, मालिक कौन? पंगतीतल्या सगळ्यांनी एकदम बोट दाखवलं. साहेबांनी खिडकीला जाळी, बादलीला झाकण आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या डोक्याला टोपी सांगितली, शिवाय स्वयंपाक्याची वैद्यकीय तपासणी. शेठ टोपी घालून रक्त द्यायला गेले. हितेशभाईंनी प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागितला. लेसवाल्या गृहस्थांनी गुरुवारी वाटी पाठवली आणि पाठोपाठ वाटी परत न्यायलाही माणूस पाठवला.

हे सगळं बघून मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. झाला, थोडा. पण रोज जेवायला येणारी माणसं अर्धपोटी लूमवर जाताना बघवत नव्हती. त्यांनी माझं काय बिघडवलं होतं? दोनदा मी उठले होते. दोन्ही वेळा हिंचक्याची करकर थांबलेली ऐकून अनुसयाबाईंनी भिंतीवर थाप मारली आणि मी बसले.

शेवटी शेठनी एक महाराज, म्हणजे आचारी, शोधून आणला. उधन्याच्या कुठल्याशा लग्नाच्या हॉलवर काम करणारा, पोट पुढे, खांद्यावर गमछा. त्याने माझं स्वयंपाकघर फिरून बघितलं. दोन वेळची पंगत, रात्रपाळीचे डबे, बाजारहाट, दळण, सगळं विचारून घेतलं आणि पगार सांगितला. तो आकडा ऐकून हिंचका थांबला. शेठच्या पेन्शनचे कितीतरी महिने त्या एका महिन्यात मावत होते. वर दोन वेळचं जेवण, चहा-तंबाखू आणि रविवार बंद.

"इतला?" हे म्हणाले. "एक माणूसले?"

महाराज म्हणाला, "शेठ, ये एक आदमी का काम ही नहीं है। हेल्पर अलग से लगेगा। अब तक कौन करता था?"

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. जन्मभर जे मी घरचं म्हणून करत राहिले त्याची किंमत एक परका माणूस माझ्याच ओट्याला टेकून सांगत होता, आणि घासाघीस करायलासुद्धा तयार नव्हता. महाराज गमछा झटकून निघून गेला. मग ह्यांनी टोपी काढली, माझ्याजवळ आले आणि मला हितेशभाईंच्या ऑफिसात घेऊन गेले. मागोमाग अनुसयाबाई आल्या, गणेश आला, त्याची पाळी सुटली होती.

"हितेशभाई," हे म्हणाले, "नाव बदली टाका. मालक हाई शे. मन्ही चूक व्हयनी."

एवढं बोलताना त्यांना घाम फुटला होता, एसीत. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. हितेशभाई म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे. बोटं कीबोर्डवर ठेवली. माझा हिरव्या साडीतला फोटो टेबलावर होता. बस, एक ओटीपी आणि मी मालकीण. मग पुन्हा ती खिडकी, ती रांग, आणि चाळिशीच्या पलीकडची स्वतःचा धंदा करणारी एक बाई, जिचं म्हातारपण कोणाच्याच खात्यात बसत नाही.

"थांबा," मी म्हटलं. "नाव आहे तेच राहू द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अनुसयाबाईसुद्धा.

"मला मालकी नको. मालकीने मला आजवर काय दिलं? शेठ हेच राहतील. लाइटचं मीटर त्यांचं, तपासणीवाल्या साहेबांशी बोलणं त्यांचं, महाप्रसाद त्यांचा, बाजार आणि दळण त्यांचं. मी कामगार. महाराजाने सांगितला तोच पगार, एक पैसा कमी नाही. पहिल्या तारखेला, घरखर्चाच्या आधी, पोस्टात माझ्या नावाच्या खात्यात. मोबाइल नंबर माझा, सिमही माझ्या नावावर. रविवार बंद. आणि ज्या दिवशी माझे गुडघे नाही म्हणतील त्या दिवसापासून निम्मा पगार, मी जिवंत असेपर्यंत. त्यानंतर शेठने महाराज ठेवावा, का स्वतः भाकऱ्या थापाव्या, तो त्यांच्या धंद्याचा प्रश्न."

"कायदेसर…" हितेशभाई सुरू झाले.

"कायद्याचं मला सांगू नका, हितेशभाई. कायद्याने मी चाळिशीत म्हातारी झाले."

ह्यांनी गणेशकडे बघितलं. गणेश म्हणाला, "शेठ, हो म्हना. आज सांजले आमले जेवण भेटी." ह्यांनी मान डोलावली. साक्षीला हितेशभाई, अनुसयाबाई आणि गणेश होते. अनुसयाबाईंनी माझा हात दाबला. मी घरी जाऊन पदर खोचला आणि त्या संध्याकाळी भरीत केलं. पंगतीत त्या दिवशी कोणी खाडा मागितला नाही.

महिना झाला. आता हे पहाटे भाजी मार्केटला जातात, लसूण सोलतात, टोपी घालून डबे भरतात. रविवारी चूल बंद असते. लेसवाले गृहस्थ वाटीबरोबर पैसे पाठवतात. पहिल्या तारखेला ह्यांनी पोस्टात जाऊन माझा पगार भरला आणि मेसेज माझ्या मोबाइलवर आला. मी तो दोनदा वाचला, मग अनुसयाबाईंना भिंतीतून वाचून दाखवला.

त्या दिवशी पंगत उठल्यावर हे खाली मान घालून बसले होते. डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "दूधवालाना व्हयना, किराणावालाना व्हयना, तुना पगार व्हयना. मी बी ते दिनभर राबस ना, सरला? या मेसमातून मना हातमा काय उनं?"

"तुमना सोताना धंदा शे," मी म्हटलं. "सोताना धंदावालाले कोन देस?"

ते पुन्हा बोटं मोजायला लागले. मी माझं ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसले. पगाराच्या दिवशी माणसाने गरम जेवावं.